पप्पांना पॉलिसिस्टिक किडनी, मग मी सुटलो का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी सांगलीचा, वय 34. पप्पा 57 चे आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सिस्टने (पाण्याच्या पिशव्यांनी) भरलेल्या. आजी म्हणजे पप्पांची आई पण किडनीनेच गेली. आत्या मात्र साठीतही ठणठणीत. घरचे म्हणतात हा आजार एक पिढी सोडून येतो, आणि माझं क्रिएटिनिन पण 0.9 आलंय. मग मी सुटलो ना? आणि पप्पांना किडनी देऊ शकतो का?

उत्तर: आधी आजीला, मग पप्पांना, यात सोडली कुठली पिढी? असं काही नसतं हो. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची एक वडिलांकडची, आणि या आजारात (बहुतेक घरांत पीकेडी1 नावाचा जीन, काहींत पीकेडी2) एक प्रत बिघडलेली आली तरी पुरते. म्हणजे पप्पांकडून तुम्हाला ती मिळायचा चान्स 50 टक्के, भावाबहिणींचा प्रत्येकाचा वेगळा 50 टक्के, मुलगा असो की मुलगी. आत्याच्या वाट्याला बहुतेक चांगली प्रत आली.

आता ते 0.9. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, किडनी थकली की तो वाढतो. पण त्यावर अजिबात विसंबू नका. बिघडलेली प्रत जन्मापासून सगळ्या पेशींत असते, पण एखाद्या पेशीत पुढे कधीतरी चांगली प्रतही बिघडली की तिथे सिस्ट धरते, पाण्याने फुगत जाते आणि शेजारच्या चांगल्या भागाला दाबते, म्हणून तर सगळं व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर उरलेल्या गाळण्या ओव्हरटाइम करून क्रिएटिनिन नॉर्मल ठेवतात. बीपी मात्र खूप आधी वाढतं, ते मोजलंय का कधी?

तर बीपी बघा आणि सोनोग्राफी करा. तुमच्या वयात, घरात आजार असताना, दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट दिसल्या तरी निदान पक्कं धरतात. निघालंच तर मीठ कमी, बीपी ताब्यात, पेनकिलर मनाने घ्यायच्या नाहीत, आणि ज्यांचा आजार वेगाने वाढतोय त्यांना टोलव्हॅप्टन गोळी देतात, ती सिस्टची वाढ मंदावते (लघवीला सारखं पळावं लागतं आणि लिव्हरच्या टेस्ट करत राहाव्या लागतात, तो भाग वेगळा).

किडनी द्यायची तर नुसती क्लीन सोनोग्राफी चालणार नाही, चाळिशीच्या आत बारीक सिस्ट सुटू शकतात. एमआरआय लागेल, शिवाय जीन टेस्ट, आणि तीही आधी पप्पांची, त्यांच्यात नेमका बिघाड सापडला की तोच तुमच्यात शोधायचा. लॅबला विचारून घ्या पीकेडी1 नीट करता का, कारण या जीनच्या जवळच त्याच्यासारखे दिसणारे सहा खोटे जीन आहेत आणि साध्या टेस्टमध्ये गल्लत होते.

आणि आत्याला विचारलंत का? साठीत सोनोग्राफी क्लीन आली तर त्यांना हा आजार नाही असं धरतात, सख्खी बहीण कायद्याने जवळच्या नात्यात बसते, बाकी तपासण्या चांगल्या आल्या तर नुसत्या वयावरून त्यांना कोणी नाही म्हणणार नाही.