युजर बिघडला, मग मेल कुठे गेले? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

विंडोजचा युजर (म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज असलेला प्रोफाइल) बिघडला की मेलचं सॉफ्टवेअर आउटलुक रिकामं दिसतं आणि लोक धरून चालतात की मेल गेले. प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरातून येवो, गुजरीतून किंवा इचलकरंजीतून, गोंधळ हाच. आउटलुकचे मेल एका फाइलमध्ये असतात आणि युजर बिघडला तरी ती फाइल बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असते. ती जाते नंतरच्या घाईत. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मी जीमेल ब्राउझरमध्येच उघडते. विंडोज खराब झालं तर माझे मेल जातील का?

नाही, ते गूगलच्या सर्व्हरवर असतात. फक्त रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर अजून तुमच्याकडेच चालू आहे ना, ते आज बघून घ्या.

उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला तर डेस्कटॉप कोरा, आणि आउटलुक नवीन अकाउंट जोडायला सांगतंय. ड्रॉइंगचे सगळे मेल त्यात होते.

विंडोजला तुमचा नेहमीचा प्रोफाइल वाचता आला नाही, म्हणून त्याने टेंपररी प्रोफाइल उभा केला आहे. सी ड्राइव्हवरचं यूजर्स फोल्डर उघडा. तिथे टेंप नावाचं एक फोल्डर दिसेल आणि त्याच्या शेजारी तुमच्या जुन्या युजरचं. मेल त्या जुन्या फोल्डरमध्ये आहेत.

या अवस्थेत कामाला बसू नका. टेंपमध्ये सेव्ह केलेलं साइन आउट होताच पुसलं जातं. कोटेशन टाइप करून डेस्कटॉपवर ठेवलं आणि मशीन बंद केलं, तर उद्या ते सापडणार नाही. आधी एकदोनदा रीस्टार्ट करा. अँटिव्हायरस किंवा अर्धवट अपडेटने प्रोफाइलची फाइल अडवून धरलेली असते, ती कधी कधी दुसऱ्या वेळी सुटते. नाही सुटली तर जुनं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा.

खरी दुरुस्ती रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) प्रोफाइललिस्टमध्ये असते. तिथे तुमच्या युजरच्या एकाच लांबलचक आकड्याच्या दोन नोंदी दिसतात, त्यातली 'डॉट बॅक' (.bak) शेवट असलेली बहुधा तुमची मूळ नोंद. व्हिडिओ बघून तिथे हात घालू नका. कॉपी हातात आल्यावर जाणकाराकडून करून घ्या.

शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात नवीन युजर केला. जुन्या युजरचं फोल्डर उघडायला गेलं की 'परवानगी नाही' येतं.

नवीन युजरला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतील तर आधी त्याच सूचनेतलं 'कंटिन्यू' दाबा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं, मात्र मोठ्या फोल्डरला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

त्यानेही उघडलं नाही तर मालकी बदलावी लागते. जुन्या युजरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनर लिहिलेलं असतं, त्यापुढचं चेंज दाबून नवीन युजरचं नाव टाका. खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' अशी चौकट येते, ती टिक करा. ही टिक राहिली की वरचं फोल्डर उघडतं आणि आतली फोल्डरं बंदच राहतात. मग सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा तिथेच या आणि नवीन युजरला फुल कंट्रोल द्या.

हे फक्त त्या एका फोल्डरवर करायचं. वैतागून अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी बदलणारे लोक आहेत. त्याने विंडोजच्या स्वतःच्या परवानग्या विस्कटतात आणि मग दुसरंच दुखणं मागे लागतं. कारखान्याचे कॉम्प्युटर सर्व्हरला जोडलेले असतील तर यातलं काहीही न करता तुमच्या आयटीवाल्याला बोलवा.

जुन्या युजरमधली ओएसटी फाइल मिळाली, पण नवीन आउटलुकमध्ये उघडत नाही. इंटरनेटवरचं एक कन्व्हर्टर मेलची यादी दाखवतं आणि सेव्ह करायला पैसे मागतं. घेऊ का?

थांबा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते आणि ती ज्या प्रोफाइलमध्ये तयार झाली त्याच्याशी बांधलेली असते. नवीन युजरमध्ये तेच मेल अकाउंट जोडा, मेल सर्व्हरवरून पुन्हा उतरतील. म्हणजे जे फुकट मिळणार आहे त्याचेच पैसे तुमच्याकडे मागितले जात आहेत. यादी दाखवून घाबरवायचं आणि मग किंमत सांगायची, हा ठरलेला धंदा आहे.

अपवाद दोन. आयमॅप अकाउंट (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) असेल तर ज्या कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सवर 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' लिहिलेलं असतं ते सर्व्हरवर नसतात. आणि सर्व्हरवरचा मेलबॉक्सच कुणी काढून टाकला असेल तर आधी मेलसेवा देणाऱ्याला गाठा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढलेला युजर ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालात की ती मुदत संपली.

राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्याने सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, पण सी ड्राइव्हच जाईल, डी सेफ आहे. करू का?

करू नका. निदान आज तरी नाही.

'डी सेफ आहे' या एका वाक्याने जितके मेल गेले असतील तितके व्हायरसनेही गेले नसतील. डी ड्राइव्हवर तेच असतं जे तुम्ही स्वतः तिथे ठेवलंत. आउटलुक स्वतःहून डीवर काही ठेवत नाही. पॉप अकाउंटची (ज्यात मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले जातात) पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवणारी फाइल, नव्या आवृत्त्यांमध्ये डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरात असते. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती ॲपडेटा, मग लोकल, मग मायक्रोसॉफ्ट, मग आउटलुक अशी खोल असते. दोन्ही जागा सी ड्राइव्हवर. त्यात ॲपडेटा लपवलेलं फोल्डर. रिपेअरवाला डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो, टॅलीचा डेटा मनापासून कॉपी करतो, आणि डोळ्यांना न दिसलेलं ॲपडेटा राहून जातं.

सर्व्हरवरून परत येतील म्हणाल, तर पॉपमध्ये तोही भरवसा नाही. मेल उतरले की सेटिंगप्रमाणे ते सर्व्हरवरून लगेच किंवा काही दिवसांनी काढले जातात. आउटलुकमध्ये बऱ्याचदा ही मुदत १४ दिवसांची असते. त्याआधीचे सगळे मेल जगात एकाच ठिकाणी असतात, तुमच्या त्या फाइलमध्ये. ऑर्डरी, बिलं त्यातच असतात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. तुमच्या मेलमधलं काय त्यात मोडतं, ते सीएंना विचारा.

म्हणून क्रम असा. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' टिक करा आणि अख्ख्या सी ड्राइव्हवर 'स्टार डॉट पीएसटी' (*.pst) शोधा. एकापेक्षा जास्त फाइली निघतील, आर्काइव्ह नावाचीही असेल, सगळ्या घ्या. वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्स त्याच्या फोल्डरात सरकलेलं असतं, तिथेही बघा. आउटलुक पूर्ण बंद करून कॉपी करा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर बसत नाही, जागा रिकामी असूनही एरर येते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली हार्डडिस्क वापरा. मग मूळ आणि कॉपी यांचा आकार ताडून बघा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्लासिक आउटलुकच्या फाइल मेनूतून 'ओपन आउटलुक डेटा फाइल' करून एखादा जुना मेल अटॅचमेंटसकट उघडा. उघडला, तरच फॉरमॅटचा विषय काढायचा.

आणि मुळात बिघडलेल्या प्रोफाइलला फॉरमॅट लागतोच असं नाही. बऱ्याचदा नवीन युजर पुरतो. फॉरमॅट रिपेअरवाल्याच्या सोयीचा असतो, कारण त्याला किती वेळ लागेल हे ठरलेलं असतं. त्याला कारण विचारा. उत्तर 'सिस्टीम स्लो आहे' एवढंच असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवा.

पीएसटी मिळाली, पण उघडताना एरर देते.

आउटलुकसोबत येणारं दुरुस्तीचं साधन स्कॅनपीएसटी वापरा, तेही कॉपीवर, मूळ फाइलवर नाही. चुका दाखवणं थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. फाइल ५० जीबीच्या आसपास गेली असेल तर ती आउटलुकची नेहमीची मर्यादा आहे. तिथे तज्ज्ञाला दाखवा.

आम्ही मेलसाठी आउटलुक नाही, थंडरबर्ड वापरतो. आमचे मेल कुठे असतात?

ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड. ते अख्खं फोल्डर उचला, आतल्या फाइली निवडत बसू नका.

विंडोजचा पासवर्ड विसरलो. दुसऱ्या ॲडमिन युजरमधून रीसेट केला तर मेल राहतील का?

मेलची फाइल राहील. पण त्या युजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड जातात, आणि विंडोजच्या 'एन्क्रिप्ट कंटेंट्स' सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइली उघडेनाशा होतात. फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर रीसेट न करता आधी सल्ला घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर पासवर्ड त्यांच्या साइटवरून बदला, दुसऱ्या युजरमधून नको. डिस्क काढून दुसरीकडे लावायचा विचार असेल तर बिटलॉकरची (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की आधी शोधा. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन तुम्ही न सांगताही चालू असू शकतं.

नेटवर सापडलेल्या 'आउटलुक सपोर्ट' नंबरला फोन केला. ते एनीडेस्क (दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर लांबून चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतायत.

फोन ठेवा. टाकून झालं असेल तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

जुना युजर डिलीट केला. 'कीप फाइल्स' निवडलं होतं, डेस्कटॉपवर फोल्डर आलं, पण मेल त्यात नाहीत.

'कीप फाइल्स' डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो वगैरे ठेवतं. मेल ठेवता येत नाहीत, असं विंडोज त्याच खिडकीत लिहितं, पण ते वाचलं जात नाही. आलेल्या फोल्डरात डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' आहे का बघा. पीएसटी तिथे असेल तर वाचलात. ॲपडेटात होती तर ती पुसली गेली आहे.

आता सगळं डिस्कवर अवलंबून आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मिळू शकते. एसएसडीवर ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याची सोय) ती आशा फार थोडी. त्यामुळे त्याच मशीनवर रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका, ते नेमकं त्याच जागेवर बसू शकतं. मशीन बंद करा, डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या, आणि त्याला किती जीबीची फाइल होती आणि ती कोणत्या युजरमध्ये होती, हे लिहून द्या.