फायरहोल म्हणजे आगीचं भोक नाही हो

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या जुन्या सर्व्हे नकाशाची, शोशोनी शीटची प्रिंट फ्रेम करायचीय आणि खाली मराठी नावं द्यायचीत, तर ‘फायरहोल रिव्हर’ला ‘अग्निविवर नदी’ चालेल का.

नको. चुकलात असं नाही, डिक्शनरी उघडली की कोणीही तेच लिहील, पण हा होल म्हणजे भोक नाहीच. तिकडे बीव्हर नावाचा प्राणी पकडत फिरणारे, सापळे लावणारे शिकारी डोंगरांनी वेढलेल्या सपाट दरीला होल म्हणायचे, जॅक्सन होल त्यातलंच. आणि फायर कशावरून, तर नदीवर सतत वाफ, लांबून बघणाऱ्याला वाटावं दरी पेटलीय. म्हणजे आपल्याकडे जसं मुठेखोरं, कानद खोरं तसं हे धगधगतं खोरं.

पटत नसेल तर तुमच्याच प्रिंटवर बघा की. पश्चिमेला मॅडिसन पठाराच्या कडेला समान उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्यात, तिथे चढ उभा, आणि निळ्या नदीशी आलं की त्याच रेषा लांब लांब होतात, कारण तळ सपाट. दोन रेषांमध्ये उंचीचा १०० फुटांचा फरक आहे त्यामुळे बारीकसारीक टेकाडं दिसत नाहीत पण खोऱ्याचा आकार लगेच कळतो. (या रेषांना समोच्च रेषा म्हणा, शाळेच्या भूगोलात तोच शब्द आहे.)

आता ‘अप्पर गीझर बेसिन’, ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध उसळता गरम झरा आहे ते. बेसिनला खोरं झालं, पण गीझर म्हटलं की आपल्याला बाथरूममधला डबा आठवतो. एका मित्राने ‘उन्हाळे’ सुचवला, शब्द झकास आहे, राजापूरजवळचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं. अडचण एवढीच की आपली कुंडं गुपचूप वाहतात, उडत नाहीत. गीझरला खाली अरुंद नळी लागते, तळाचं पाणी वरच्या पाण्याच्या दाबाखाली उकळबिंदूच्या पुढे तापतं आणि थोडं वर सांडून दाब कमी झाला की त्यातलं काही एकदम वाफ होऊन बाकीच्या पाण्यासकट उसळतं. मूळ शब्दही तसाच, आइसलंडमधल्या एका झऱ्याचं नाव गेसिर, म्हणजे उसळणारा. म्हणून मी ‘उसळत्या झऱ्यांचं वरचं खोरं’ लिहीन. नदीचं नाव मात्र फायरहोलच ठेवा, खाली कंसात ‘धगधगतं खोरं’ टाकलं की झालं.