लाईट गेली की प्रिंटर ऑफलाईन का जातोय?

प्रश्न: दादा, राजारामपुरीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर आणि एकच वायफाय लेझर प्रिंटर. लाईट जाऊन आली की प्रिंटर ऑफलाईन. रिपेअरवाला येतो, प्रिंटर डिलीट करून परत ॲड करतो, चारशे रुपये घेतो, की चार दिवस बरं चालतं. सातबाऱ्याच्या प्रिंटला माणसं दारात उभी असतात हो, आणि आम्ही ऑन-ऑफ करत बसतोय. नवीनच घेऊ का?

उत्तर: ताई, नवीन बिवीन काही घेऊ नका, प्रिंटर चांगला आहे तुमचा. चार दिवस चालतोय म्हणजे मशीनमध्ये खोट नाही, पत्त्याचा घोळ आहे.

राऊटर प्रत्येक मशीनला एक नंबर देतो, आयपी ॲड्रेस. लाईट गेली की बरेच साधे राऊटर कुणाला काय दिलं होतं ते विसरतात आणि आल्यावर जो आधी जोडला जाईल त्याला देत सुटतात, मग प्रिंटरचा १९२.१६८.१.५ तुमच्या पोराच्या मोबाईलला जातो आणि प्रिंटर ८ वर जाऊन बसतो. तुमच्याच गल्लीत बघा की, पोरगं रूम बदलतं आणि मेसवाल्याला सांगत नाही, डबा जुन्याच कडीला लटकतोय. कॉम्प्युटर पण तसाच ५ वरच प्रिंट पाठवत बसतो, उत्तर येत नाही म्हणून ऑफलाईन म्हणतो. रिपेअरवाला दर वेळी नवा पत्ता लिहून देतो, चारशे रुपये त्याचेच.

आता पत्ता कायमचा करायचा. आधी प्रिंटरवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान काढा (स्क्रीन नसेल तर कुठलं तरी बटण दाबून धरावं लागतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, मॅन्युअल बघा). त्यावर आयपी आणि मॅक ॲड्रेस (मशीनला कंपनीनं दिलेला स्वतःचा नंबर) दोन्ही सापडतील. आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरनं पत्ताच दिलेला नाही, आधी वायफाय परत जोडा. मग ब्राऊझरमध्ये राऊटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ असतं, पासवर्ड नेटवाल्याला विचारा, आणि डीएचसीपीमध्ये (राऊटर पत्ते वाटतो ती सेटिंग) ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधून तिथं प्रिंटरच्या मॅकला एक आयपी बांधून टाका. प्रिंटर एकदा बंद-चालू करून परत पान काढा, तोच नंबर आला पाहिजे.

एवढ्यावर थांबू नका, कारण कॉम्प्युटरकडं अजून जुनाच पत्ता असतोय. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, तिथं पोर्ट्स. डब्ल्यूएसडी नावाच्या किंवा जुन्या नंबरच्या पोर्टवर टिक असेल तर ॲड पोर्टमधून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट घ्या, नवा नंबर टाका. डब्ल्यूएसडी प्रिंटर आपोआप शोधतं खरं, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही, दुकानात तर अजिबात नाही. हे तिन्ही कॉम्प्युटरवर करायचं, एकावर करून सोडाल तर उद्या मलाच शिव्या घालाल. आणि प्रिंट निघतीय तरी ऑफलाईनच दाखवतंय असं झालं तर त्याच पोर्टच्या कॉन्फिगर पोर्टमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटर चालू आहे का ते विचारणाऱ्या सोयीची) टिक काढा.

राऊटरला छोटा यूपीएस लावा, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर घेऊ नका, आतला हीटर तापताना एकदम करंट ओढतोय, यूपीएस बसेल.

प्रश्न: घरी फायबर घेतलं, नवीन राऊटर आला. मोबाईल जोडला, पण प्रिंटरला नवीन वायफायचं नावच दिसत नाही. – निवृत्त शिक्षक, कळंबा

उत्तर: सर, वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, तुमचा मोबाईल ५ वर असणार. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ चालतं. राऊटरमध्ये २.४ चालू आहे का बघा आणि त्याला वेगळं नाव द्या, म्हणजे ओळखू येईल. मोबाईल ५ वर राहिला तरी चालतंय, राऊटर एकच आहे ना. फक्त दोघांपैकी कुणी गेस्ट वायफायवर नको, तिथं मशीनं एकमेकांना सहसा दिसत नाहीत. आणि पाहुण्यांना पासवर्ड द्यायचा तर तो गेस्टचाच द्या, नाहीतर पुतण्याचं प्रोजेक्ट तुमच्या शाईवर निघतंय.