मुलांना घेऊन खाडीवर गळ टाकायला जाताना

तिथी पाहूनच दिवस ठरवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला फार ओढ असते. त्यापेक्षा अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती घरच्या मंडळींसाठी बरी, कारण पाणी संथ चढते आणि नवख्या हातालाही तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सांभाळता येतो. शेवाळलेल्या खडकापेक्षा धक्क्यावर बसावे. आमिषाला ताजी कोळंबी सोलून, गळाचे टोक जेमतेम झाकेल अशी ओवावी. शिंगाळा मासा लागला, तर मात्र मुलांना दूर ठेवून तो तुम्हीच सोडवावा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असतात, आणि काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावे. तांबोशी माशाची पिल्ले ओल्या हाताने सोडवून मुलांकडूनच खाडीत परत सोडावीत.