कान थांबला आणि मान धरली

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. डावा कान तरुणपणापासून अधूनमधून वाहतो. महिन्यापूर्वी तो थांबला, आम्ही निश्चिंत झालो. मग मान धरली. उसण भरली समजून आठवडाभर मालिश केली. शेवटी ताप चढला, मान एका बाजूला कलली. सीटी स्कॅननंतर मानेतला पू काढला आणि कानामागचं हाडही कोरलं. गळू मानेत, मग कानाचं ऑपरेशन कशाला?

उत्तर : तुमच्या पत्रातलं 'तो थांबला, आम्ही निश्चिंत झालो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. वाहणारा कान औषधाविना अचानक थांबला आणि दुखू लागला, तर मला तरी धास्तीच वाटते. पू संपलेला नसतो, त्याची वाट बंद झालेली असते.

कानामागे बोट लावा. जो हाडाचा उंचवटा लागतो, तो मॅस्टॉइड. आतून तो मधाच्या पोळ्यासारखा पोकळ असतो आणि मध्यकर्णाला जोडलेला असतो. तिथे पू कोंडला की हाड झिजतं. उंचवट्याच्या खालच्या टोकाची बाहेरची भिंत जाड, आतली पातळ. पू पातळ बाजूने फुटतो आणि कानामागून गळ्याच्या हाडाकडे जाणाऱ्या जाड स्नायूखाली उतरतो. वर स्नायूचं पांघरूण, त्यामुळे गळवासारखं तोंड दिसत नाही, दाबल्यावर मऊ लागत नाही. नुसती टणक सूज आणि आखडलेली मान. बेझोल्ड या जर्मन डॉक्टरांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे बेझोल्डचं गळू. शिकाऊ असताना मीही अशा एका रुग्णाला वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. कानात डोकावलेच नाही. चौथ्या दिवशी तो तापाने फणफणत परत आला.

तेव्हा नुसती मानेला चीर देऊन भागत नाही. झरा वर हाडात आहे, तो साफ केला नाही तर पू पुन्हा उतरतो. पुढे तो छातीपर्यंत जाऊ शकतो, किंवा हाडालगतच्या मोठ्या शिरेत गुठळी होते.

हाडात कोलेस्टिटोमा, म्हणजे कातडीचा साचत वाढणारा गोळा, सापडला होता का, ते डॉक्टरांना जरूर विचारा. तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी लागते. कानात पाणी जाऊ देऊ नका, साखर आटोक्यात ठेवा. थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ती मालिश आता बंद.