ताई, त्या राजीनाम्यावर आत्ता सही करू नका

बेळगाव सीमाभागातल्या एका ताईंचा मेसेज आलाय, चांगला लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. ताई बालसंरक्षणात केसवर्कर आहेत, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत, पण नेमणुकीची ऑर्डर कंत्राटी एजन्सीची आणि दरवर्षी मुदत वाढवून मिळते. बालविवाह, पळून गेलेली पोरं, वीटभट्टीवरची पोरं, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेस, सगळं त्यांच्याच गळ्यात, जोडीच्या दोन जागा रिकाम्या. एका पोरीला बालकल्याण समितीपुढं आणताना ती बसमध्ये यांच्या मांडीवर झोपून आली, आता रात्री मांडीवर ओझं आहे असं वाटून दचकून जाग येते म्हणतात. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती लिहून दिली. ऑफिस म्हणतं कॉन्ट्रॅक्टवाल्यांना रजा नाही. वरून पेंडिंग रिपोर्टबद्दल कन्नडमधला मेमो, तीन दिवसांत खुलासा द्या, आणि त्याच्याबरोबर टाइप केलेला राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने'. सही केली नाही तर दोन महिन्यांचा अडकलेला पगार विसरा, आणि रजेवर असताना एखाद्या मुलाला काही झालं तर केस तुमच्यावरच, असं तोंडी सांगितलंय. सही करून मोकळी होऊ का, असं विचारतात.

नको. निदान आत्ता तरी नको.

पण त्याआधी एक. ताई, तुम्ही मला त्या पोरीचं नाव, गाव, शाळा सगळं लिहून पाठवलंय आणि तीन रिपोर्टचे फोटोही. मी ते डिलीट केलेत, तुम्हीही करा, आणि भावाला-मैत्रिणीला पाठवले असतील तर त्यांनाही करायला सांगा. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ मुलाची ओळख कळेल असं काहीही बाहेर पडू देत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या कामाच्या ओझ्याचा खरा पुरावा त्याच फायलींत आहे हे मला कळतंय, पण तो तसाच उचलून तक्रारीला जोडला तर उद्या समोरच्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं. त्यापेक्षा एक साधी वही करा. केस नंबर, तारीख, तालुका, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, तिकिटाचे पैसे, बस्स. रात्री पावणेबाराला ग्रुपवर आलेला 'उद्या १० ला रिपोर्ट पाहिजेच' हा मेसेज, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, त्यात मुलाचं नाव असेल तर झाकून.

आता 'केस तुमच्यावर' ही धमकी. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ चा गुन्हा लागतो तो ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात मूल आहे आणि त्यानं त्याला मारलं, टाकून दिलं, जाणूनबुजून हेळसांड केली अशा माणसाला. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, लेखी कळवून, फायली सोपवून रजेवर गेलेली केसवर्कर त्यात बसत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. पोक्सोचं कलम १९. लैंगिक अत्याचाराची माहिती तुमच्या कानावर आलीय आणि पोलिसांना कळवलेली नाही, असं एक जरी प्रकरण बॅगेत पडून असेल तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मग तुम्ही दमलेल्या होता की आजारी, हे कोर्टात सांगत बसायला लागतं. म्हणून रजेचा अर्ज देण्याआधी तेवढं तपासा, राहिलेलं असेल तर आजच्या आज लेखी द्या आणि पोच घ्या.

मग हँडओव्हर नोट. कुठल्या नंबरची केस कुठवर आलीय, पुढची तारीख कधी, कुठल्या मुलाकडे ताबडतोब जायला पाहिजे, एवढंच. बंद पाकिटात द्या, इनवर्डला शिक्का मारून घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

मेमो कन्नडमध्ये आहे म्हणून बाजूला ठेवू नका. भाषेचं भांडण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्याचा निकाल तुमच्या मेमोवर लागायचा नाही, खुलासा मुदतीतच द्या. माफीनामा लिहू नका, हिशोब लिहा. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे तुमचा एसआयआर (मतदार यादीवाला नव्हे), कलम ३६ प्रमाणे १५ दिवसांत व्हावा लागतो, तेव्हा प्रत्येक पेंडिंग केसला समितीची ऑर्डर हातात कधी आली, त्या १५ दिवसांत दुसऱ्या कुठल्या केसेसवर पाठवलं, जागा किती रिकाम्या, आणि हे आधी कधी सांगितलं होतं ते तारखांसकट मांडा. सीमेपलीकडच्या केसेस वेगळ्या दाखवा. पोरीला चंदगड नाहीतर कागलकडे नेऊन लग्न लावलं की काम दुप्पट होतं, कारण कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवलाय आणि महाराष्ट्रात साधारणपणे तो कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो, शिवाय पत्रव्यवहार दोन राज्यांत. साहेबांना हे माहीत नसतं असं नाही, पण कागदावर आल्याशिवाय ते माहीत नसल्यासारखंच असतं.

रजेचं. बर्नआउट हा शब्द डॉक्टरनं लिहिला असेल तर तेवढ्यावर भागत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये त्याला कामामुळं होणारी स्थिती म्हटलंय, आजार नव्हे. झोप, रडू, दचकणं, सगळं मानसोपचार तज्ज्ञाला मोकळेपणानं सांगा, बेळगावात सिव्हिलला नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जा, आजार असेल तर ते नीट निदान लिहितील. रात्री अगदीच सुधरेनासं झालं तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस हेल्पलाइन, फुकट आहे. ऑफिसला मात्र आजाराचं नाव द्यायची गरज नाही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामाला अनफिट एवढं सर्टिफिकेट पुरे, मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २३ नं ती माहिती गोपनीय आहे. पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगार विमा) कट होतंय असं लिहिलंय ना, मग आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के सिकनेस बेनिफिट मिळतं. फक्त सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्याचं लागतं, खासगी चिठ्ठी तिथं नेऊन दाखवा. रजा नाही म्हणणाऱ्याला ही गोष्ट माहीतच नसावी, किंवा चांगलीच माहीत असावी.

पगार. केलेल्या कामाचा पगार राजीनाम्यासाठी अडकवून ठेवता येत नाही. एजन्सी देत नसेल तर मुख्य मालकावर, म्हणजे ज्याचं काम चालतं त्या ऑफिसवर, जबाबदारी येते, जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या लेबर कोडमध्येही आहे. एजन्सी आणि ऑफिस दोघांना एकच पत्र द्या, नाही झालं तर कामगार खात्यात अर्ज. उद्या तुम्ही स्वतःच सोडायचं ठरवलंत तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता व्हायला पाहिजे. नोटीस न देता सोडलं तर एक महिन्याचा पगार मागतील, ते करारात असेल तर थोडंफार द्यावं लागेल, पण करार कायद्याच्या कलम ७४ नं (योगायोग बघा, इथंही ७४ च) वाजवी तेवढंच मागता येतं. जबरदस्तीनं कामावर ठेवून घेता येत नाही, ही भीती काढून टाका.

शेवटी विचारलंय, या नोकरीनं माझं जे झालं त्याची भरपाई मिळेल का. आशा लावत नाही. कामाच्या ताणासाठी असा सोपा दावा आपल्याकडे नाही. कायम करा म्हटलं तर सुप्रीम कोर्टाचा २००६ चा उमादेवी निकाल, कंत्राटी-हंगामी लोकांना नुसती नोकरी झाली म्हणून कायम करता येत नाही असं सांगणारा, तोही कर्नाटकातल्याच केसचा, आडवा येतो. हां, मेमोतले आरोप ठेवून आणि ऐकून न घेता काढून टाकलं तर हायकोर्टाच्या धारवाड बेंचपुढं रिट म्हणजे थेट अर्ज करून बघता येतो, आणि तिथं त्यांच्या हातात 'स्वखुशीने' लिहिलेला, तुमची सही असलेला कागद नसणं हे फार मोलाचं ठरतं.

खर्चाचं टेन्शन घेऊ नका, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. मेमोची मुदत परवा संपतेय, तेव्हा खुलासा आधी, तो कन्नडमध्ये लिहून घ्यायलाही त्यांचीच मदत मागा.