एकाच नावाचे दोन क्लास

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाल्यावर शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारी जावा प्रणाली मी सांभाळतो. ती टॉमकॅट 9 या वेब सर्व्हरवर चालते. नवी आवृत्ती चढवल्यापासून पट्टी छापताना ‘हळदपट्टी’ या क्लासचे ‘हळदपट्टी’त रूपांतर होऊ शकत नाही, असे सांगणारे क्लासकास्टएक्सेप्शन येते. माझ्या लॅपटॉपवर तोच कोड बिनतक्रार चालतो. क्लास एकच असताना असे का व्हावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सर्व्हरवर तो क्लास एकच नाही, दोन आहेत. आडतीच्या वहीत एकाच नावाचे दोन शेतकरी असले, तर नावापुढे गाव लिहिल्याशिवाय पट्टी काढता येत नाही. जावामध्येही क्लासची ओळख त्याच्या पूर्ण नावाने आणि तो ज्या क्लासलोडरने, म्हणजे फाइलींतून क्लास उचलून आणणाऱ्या भागाने, तयार केला त्या लोडरने मिळून ठरते. लोडर वेगळा असेल, तर आतला कोड अक्षरशः सारखा असूनही जावा त्यांना दोन परके क्लास मानते.

संपूर्ण एररचा मजकूर शांतपणे वाचा. जावा 11 किंवा पुढची आवृत्ती असेल, तर त्या एका लांब ओळीत दोन्ही लोडरची नावे दिसतील : एक पॅरलल-वेबॲप-क्लासलोडर, म्हणजे आपल्या ॲप्लिकेशनचा, आणि दुसरा बहुधा यूआरएल-क्लासलोडर, म्हणजे टॉमकॅटच्या सामाईक ‘लिब’ फोल्डरचा. जावा जुनी असेल, तर रूपांतराच्या आधी त्या ऑब्जेक्टच्या (क्लासवरून घडलेल्या वस्तूच्या) क्लासचा आणि आपल्या कोडला दिसणाऱ्या ‘हळदपट्टी’चा कोडसोर्स, म्हणजे क्लास कुठून आला तो पत्ता, लॉगमध्ये छापा. दोन ओळींत दोन निरनिराळ्या जार फाइलींचे, म्हणजे क्लासच्या गठ्ठ्यांचे, पत्ते आले, की शोध तिथेच संपतो. कोड बदलणे शक्य नसेल, तर जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेला, ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय देऊन कोणता क्लास कुठून उचलला जातो, हे पाहता येते.

हे घडते ते असे. साधारणपणे जावाचा लोडर आधी आपल्या पालक लोडरला विचारतो. टॉमकॅटमधील वेब ॲप्लिकेशनचा लोडर मात्र जावाचे स्वतःचे आणि काही ठरावीक क्लास वगळता आधी आपल्याच ‘वेब-इन्फ’ या फोल्डरमध्ये शोधतो आणि तिथे न मिळाल्यासच सामाईक ‘लिब’कडे जातो. त्यामुळे सामाईक ‘लिब’मधल्या एखाद्या घटकाने तिथल्याच ‘हळदपट्टी’चे ऑब्जेक्ट तयार करून दिले आणि आपल्या कोडने ते स्वतःच्या प्रतीत बसवू पाहिले, की हा बखेडा होतो. लॅपटॉपवर ती जार एकाच ठिकाणी असणार, म्हणून तिथे काही अडत नाही.

उपाय एकच : एक प्रत काढून टाकणे. माझ्या मते ती सामाईक ‘लिब’मधून, तिच्यावर विसंबलेल्या घटकासह काढावी आणि प्रत्येक ॲप्लिकेशनने आपली प्रत आपल्याजवळ ठेवावी, म्हणजे एकाची सुधारणा दुसऱ्याच्या मुळावर येत नाही. दोन ॲप्लिकेशनना खरोखरच तेच ऑब्जेक्ट वाटून घ्यायचे असेल, तरच जार सामाईक ठेवावी आणि मेव्हन या बिल्ड साधनात तिचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ करावा, म्हणजे ती ॲप्लिकेशनमध्ये भरली जात नाही. डेटाबेसचा ड्रायव्हर हा अपवाद आहे. कनेक्शन पूल (डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा) टॉमकॅटकडे असेल, तर ड्रायव्हर सामाईक ‘लिब’मध्येच हवा. वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचा गठ्ठा, बदलताना टॉमकॅट बंद करून ‘वेबॲप्स’मधले जुने उलगडलेले फोल्डर आठवणीने पुसा. नुसत्या रीस्टार्टने त्यातली जुनी जार जाईलच असे नाही, आणि यात माणसांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : टॉमकॅट 9 वरून 10 वर गेल्यावर ‘जावाएक्स सर्व्हलेट’चे क्लास सापडत नाहीत. जुनी सर्व्हलेट जार ‘वेब-इन्फ’मध्ये टाकू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : कृपया टाकू नका. टॉमकॅट 10 पासून त्या पॅकेजचे नाव ‘जकार्ता सर्व्हलेट’ झाले आहे. जुनी जार टाकल्याने क्लास सापडेल, पण टॉमकॅट त्याला आपला सर्व्हलेट, म्हणजे वेबवरची विनंती हाताळणारा क्लास, मानणार नाही. सोर्समधली आयात बदलून नव्याने कंपाइल करणे हाच खरा मार्ग आहे. तेवढा वेळ नसेल, तर वॉर फाइल ‘वेबॲप्स-जावाईई’ या फोल्डरमध्ये ठेवा. टॉमकॅट 10 तिचे रूपांतर करून ती स्वतःच ‘वेबॲप्स’मध्ये आणतो.